पट्टीखालचं नाव

पुढाऱ्यांवर लोकांचा विश्वास किती आहे हे शोधायला शहरातले विद्वान छापील प्रश्न घेऊन घरोघर फिरतात, असं मी वाचलं आहे. मला त्यासाठी जुन्नरच्या पेठेतलं दुकान कधी सोडावं लागलं नाही. माझा छापखाना होता आणि वर्षातले सहा महिने तो लग्नपत्रिकांवर चालायचा.

आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत नवरा-नवरीची नावं असतात, पण ती शोधावी लागतात. सगळ्यात वर कुलदैवत, सगळ्यात खाली 'किलबिल' या सदरात घरातली पोरंसोरं, आणि मधल्या विस्तीर्ण प्रदेशात पुढारी. 'शुभाशीर्वाद' या मथळ्याखाली सगळ्यात मोठे, 'प्रमुख उपस्थिती'त त्यांच्याहून जरा लहान, आणि ज्यांना कुठंच बसवता आलं नाही ते 'व्यवस्थापक'. कोण वर, कोण खाली, ठळक टाइप कुणाला, यावर माझ्या दुकानात जेवढी चर्चा होई तेवढी स्थळ पसंत करताना होत नसे. पुढारी निवडून आला की नाव ठळक व्हायचं, पडला की साधं. पेपरात त्याच्याविषयी वाईट छापून आलं की नाव दोन ओळी खाली सरकायचं. दुसऱ्या दिवशी त्याने खुलासा केला की आणखी एक ओळ.

नव्वदच्या दशकात दिल्ली-मुंबईच्या घोटाळ्यांनी पेपर भरून वाहत होते, पण त्यामुळे माझ्या पत्रिकांमधला क्रम कधी हलला नाही. आकड्यांपुढची शून्यं इतकी असत की ती कुणाला लागतच नसत. दुकानात पेपर वाचणारा मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे, आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, "लई मोठा घास घेतला, राव." त्यात राग थोडा आणि कौतुक जास्त असायचं. आपल्या ताटातलं काही गेलं, असं कुणाला वाटत नसे.

मग जीपची बातमी आली.

दोन हजार सालानंतर दोनेक वर्षं झाली होती. आमच्या भागात एका संस्थेचे अध्यक्ष होते. कुठल्या संस्थेचे ते सांगत नाही. अध्यक्ष तेव्हा पुष्कळ होते आणि सगळे एकसारखेच दिसत. या अध्यक्षांची जीप नारायणगावला तमाशाच्या राहुट्यांसमोर उभी असलेला फोटो पुण्याहून येणाऱ्या पेपरात आमच्या तालुक्यांच्या पानावर छापून आला. संस्थेची पाटी फोटोत स्पष्ट वाचता येत होती. अध्यक्षांनी खुलासा केला की ड्रायव्हर फक्त पत्ता विचारायला थांबला होता. ड्रायव्हरचा जन्म नारायणगावचा, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

पेपरने मग रोज एक हप्ता सुरू केला. जीप कुणाच्या साखरपुड्याला गेली, कुणाच्या जावळाला गेली, कुणाच्या सासुरवाडीहून आंब्याच्या पेट्या घेऊन आली. केबलवाल्याने नुकत्याच स्थानिक बातम्या चालू केल्या होत्या. त्याच्याकडे एकच फोटो होता, पण कॅमेरा जीपच्या जवळ जाई आणि पुन्हा लांब येई, त्यामुळे ती पळून जायच्या बेतात आहे असं वाटायचं. दिल्लीचे कोट्यवधी कुणी पाहिले नव्हते. ही जीप सगळ्यांनी पाहिली होती, तिचं मागचं फळकं दोरीने बांधलेलं असतं हेही ठाऊक होतं. कोट्यवधींनी जे झालं नव्हतं ते त्या दोरीने केलं. लोक चिडले. त्या आठवड्यात तीन घरची माणसं छापायला दिलेल्या मसुद्यातून अध्यक्षांचं नाव काढायला माझ्याकडे येऊन गेली.

चौथ्या घराची पत्रिका मात्र आधीच छापून झाली होती.

ते घर निरगुडसरचं. मुलीचा बाप माझ्या बायकोच्या नात्यातला, शेती करणारा, कमी बोलणारा. पत्रिकेच्या भाषेत वधूपिता. मीही त्याला इथे तसंच म्हणतो. मंचरला त्याच्या जवळ छापखाने होते, पण पहिली पत्रिका लेण्याद्रीच्या गणपतीला ठेवायची अशी त्यांच्या घरची रीत, म्हणून छपाई जुन्नरला. माझ्याकडून गठ्ठा उचलून तो तसाच पायऱ्या चढून गेला, पहिली पत्रिका देवापुढे ठेवून आला. दुसरी पत्रिका अक्षता-कुंकू घेऊन अध्यक्षांच्या घरी दिली, कारण 'शुभाशीर्वाद'मध्ये पहिलं नाव त्यांचंच होतं. पुढच्या आठवड्यात पेपरात जीप.

त्या शनिवारी तो पुन्हा दुकानात आला. बरोबर नवरदेवाचे चुलते होते, लोणीचे. बगलेत पेपरांची गुंडाळी, डोळ्यांवर चष्मा, आणि बसण्याची ढब अशी की समोर सभा भरली असावी.

"प्रेसवाले, ह्ये नाव काढा," त्यांनी पत्रिकेवर बोट ठेवलं.

"छापून झाल्यात पत्रिका," मी म्हणालो.

"मंग नव्या छापा. आमच्या लोणीत पेपर येतो, पावणं. लोक वाचत्यात बी."

"आमच्यात बी येतो," वधूपिता म्हणाला.

"मंग वाचला न्हाई व्हय? तमाशाला जाणाऱ्याचा आशीर्वाद घ्यायचा आमच्या पोरानं?"

"तमाशाला तुमी बी जाता, चुलतं."

"माझ्या पायानं जातो. संस्थेच्या जीपनं न्हाई!"

वधूपित्याने चुलत्यांच्या बोटाखालची पत्रिका ओढून घेतली. मग म्हणाला, "देवापुढं पत्रिका गेलीय. त्यात त्यांचं नाव हाय. आता देवाला काय सांगू, पेपरात आलंय म्हनून?"

"देव पेपर वाचत न्हाई."

"म्हंजी देवाला चालतंय, आन् तुमाला चालत न्हाई."

चुलत्यांनी गुंडाळी बगलेतून काढून मांडीवर ठेवली. आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघा. पोरगी गुणाची हाय, आमाला पसंत हाय. पण त्या मानसाचं नाव पत्रिकेत दिसलं, न्हाईतर मांडवात माइकवर घेतलं, तर आमचं वऱ्हाड उठून परत जाईल. येऊ द्या त्यास्नी, जेवू द्या. आमी कुनाच्या जेवनावर न्हाई उठलो."

ते चहा घेऊन एसटी धरायला गेले. वधूपिता बसून राहिला.

"एवढं काय अडलंय तुझं त्या नावावाचून?" मी विचारलं. "मी तर प्रत्येक पत्रिकेत तेच छापतो."

तेव्हा त्याने सांगितलं. सहा-सात वर्षांपूर्वी मुलीची दहावीची परीक्षा होती, केंद्र मंचरला. पहिल्याच पेपरला सकाळची एसटी आली नाही. फाट्यावर चार मुली रडत उभ्या, बरोबर हा एकटा बाप. अध्यक्षांची जीप आली, थांबली. अध्यक्ष स्वतः खाली उतरले, चारही मुलींना आत बसवून ड्रायव्हरला म्हणाले, "घंटा व्हायच्या आत पोचव, न्हाईतर माझ्याकडं परत येऊ नको." मुली पोचल्या. त्यातली एक पुढे डी.एड. होऊन शिक्षिका झाली होती आणि तिचंच लग्न होतं.

"पेपरात ते जीपचं रोज येतंय ना," तो म्हणाला, "खासगी काम, खासगी काम. मी रोज बघतो, आज माझं येतंय का."

एवढ्या पत्रिका नव्याने छापायला वेळ नव्हता. मी धंद्यातला जुना उपाय काढला. चूक राहिली की आम्ही वर पट्टी चिकटवत असू. 'आपल्या उपस्थितीने कार्याची शोभा वाढवावी' एवढा मजकूर छापून पट्ट्या कापल्या आणि रविवारी माझ्या घरी, वधूपिता, त्याची मुलगी, माझी बायको आणि मी मैद्याची खळ करून नावावर पट्ट्या चिकटवायला बसलो. मुलगी हाताने चपळ होती. शंभरेक पट्ट्या झाल्यावर ती थांबली.

"आण्णा, त्या जीपमध्ये मी बसले होते," ती म्हणाली. "आणि मलाच पट्टी लावायला बसवलंत."

"लाव, बाई. तुझ्याच घरासाठी लावतोय," बाप म्हणाला.

त्यानंतरच्या सगळ्या पट्ट्या तिने किंचित वाकड्या लावल्या. मास्तरीणबाईंना सरळ रेघ मारता येत नाही, असं मला पटेना.

आता, नाव झाकायचा हा उपाय पंचवीस वर्षांच्या धंद्यात माझ्या कधी इतका अंगाशी आला नव्हता. पत्रिकेचा कागद गुळगुळीत, त्यावर मैद्याची खळ. सुकली की पट्टीचं टोक आपोआप वर उचलायचं. आणि ज्या पत्रिकेकडे एरवी लोक फक्त तारीख आणि जेवणाची वेळ बघायला नजर टाकतात ती पत्रिका लोकांनी उन्हात धरून वाचली. नखाने खरवडली. आमच्या भागात त्या हंगामात इतकी मन लावून वाचलेली दुसरी पत्रिका नसेल. पेठेतला सलूनवाला मला म्हणाला, "भाऊ, तुमची पत्रिका लई भारी निघाली. खरवडलं की नाव निघतंय. लॉटरीच्या तिकिटावानी." पेपरमध्ये अध्यक्षांचं नाव ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनीही ते पट्टीखाली वाचलं. ठळक टाइपात मी त्यांचं नाव कैकदा छापलं होतं. पण त्या नावाला एवढी किंमत पट्टीनेच आणून दिली.

दोन दिवसांनी अध्यक्ष स्वतः दुकानात आले. जीप संस्थेने काढून घेतली होती. ते कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आले होते आणि पांढऱ्या कपड्यांवर धुळीचा पट्टा उमटला होता. पट्टी लावलेली पत्रिका त्यांच्या हातात. त्यांच्या स्वतःच्या पत्रिकेला पट्टी नव्हती, ती आधीच पोचलेली. ही दुसऱ्या कुणीतरी दिली असावी.

"प्रेसवाले, पट्टी कुणी लावली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, मुलाकडच्यांचा आग्रह होता.

"बरोबर हाय त्यांचं," ते शांतपणे म्हणाले. "मी असतो तर मी बी काढलं असतं. पण खळ जरा घट्ट करायची की, राव. नीट झाकता बी येईना तुमाला." आणि हसत निघून गेले. पुढाऱ्यांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही, पण त्या दिवशी मी खुर्ची पुसून दिली नव्हती याचं वाईट वाटलं.

लग्न निरगुडसरलाच, दुपारच्या मुहूर्तावर. आमच्याकडे मंगलाष्टकांआधी माइकवरून पुढाऱ्यांचं स्वागत होतं. निवेदक पत्रिकेतली नावं एकेक करून घेतो, पुढारी सोफ्यावरून उठतो, फेटा बांधून घेतो आणि दोन शब्द बोलतो. हे दोन शब्द चालू असताना मुहूर्त निघून जातो, भटजी घड्याळ बघायचं सोडून देतात. सोफ्यावर त्या दिवशी चार पुढारी होते. त्यांतले दोघे त्याच जीपमधून नारायणगावला गेलेले होते हे मला ठाऊक होतं, कारण त्यांनीच ते मला दुकानात रंगवून सांगितलं होतं. ते फोटोच्या चौकटीबाहेर होते, म्हणून पत्रिकेत होते.

अध्यक्ष आले. सोफ्याकडे गेले नाहीत. बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या त्यातल्या एकीवर गावकऱ्यांत बसले. मांडवातल्या सगळ्या माना एकदम तिकडे वळल्या आणि लगेच सरळ झाल्या. निवेदकाने त्यांना पाहिलं, हातातली पत्रिका पाहिली, वधूपित्याकडे पाहिलं, आणि 'प्रमुख उपस्थिती'वर उडी मारली. एक फेटा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याने दोन शब्द सुरू केले आणि त्यात 'स्वच्छ कारभार' हा शब्द आला.

मला वाटतं, तिथेच वधूपित्याचं बिनसलं. मी त्याच्या शेजारी होतो. तो उठला, निवेदकाच्या हातातून माइक घेतला. त्याने आयुष्यात माइक धरला नसावा. तो त्याने काकडी खाताना धरतात तसा धरला होता.

"मला बोलता येत न्हाई," तो म्हणाला. "ती जीप खासगी कामाला वापरली, असं पेपरात आलंय. ते खरं हाय. मी वापरली. माझ्या पोरीच्या दहावीच्या पेपरला एसटी न्हाई आली, तवा अध्यक्ष उतरलं आन् पोरींना बसवून दिलं. ते खासगी काम हे हितं उभं हाय, नवरी होऊन. त्यांचं नाव मी पत्रिकेत छापलं व्हतं आन् मीच झाकलं. पावण्यांना उठायचं आसंल तर माझ्यामुळं उठा. पोरीचा काय गुन्हा न्हाई."

त्याने माइक खाली केला. बंद कसा करायचा ते त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे स्पीकरमधून खरखर येत राहिली. नवरी मान खाली घालून उभी होती, पण तिने डोळे पुसले ते मी पाहिलं. सगळा मांडव आता लोणीच्या चुलत्यांकडे बघत होता. वऱ्हाड उठायचं की बसायचं ते त्यांच्या एका हालचालीवर होतं.

चुलते उठले.

"ह्ये पेपरात न्हाई आलं," ते मोठ्याने म्हणाले.

"कुनी सांगितलंच न्हाई तर कसं येईल?" गर्दीतून एक म्हातारी म्हणाली.

चुलत्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, अध्यक्षांकडे नीट पाहून घेतलं. "मंग आधी सांगायचं ना, पावणं," ते वधूपित्याला म्हणाले. "आमी काय दगड हाय? बांधा त्यास्नी बी फेटा." मग निवेदकाकडे बोट करून, "पन माइक देऊ नका."

मांडवात असा हशा पिकला की बँडवाल्याने काही न समजून एक तान वाजवून टाकली. अध्यक्षांना फेटा बांधला गेला. भाषण न करता मांडवात उभं राहायची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी, आणि सांगायलाच हवं की ते तसे बरेच बरे दिसत होते. त्यांना माइक नाही म्हटल्यावर चौथ्याला मागायचं धाडस झालं नाही. मुहूर्त गाठला गेला. भटजींनी घड्याळाकडे दोनदा बघितलं, त्यांचा विश्वास बसेना.

दोन दिवसांनी वधूपिता पेपर घेऊन दुकानात आला. पेपराचा वार्ताहर लग्नात जेवायला होता, ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं. बातमी होती: जीपचा खासगी वापर झाल्याची वधूपित्याची भर मांडवात कबुली. सोबत अध्यक्षांचा फेट्यातला फोटो.

"भाऊ, मी तर चांगलं बोललो व्हतो," तो म्हणाला. "ह्यांनी पहिलं वाक्य घेतलं आन् बाकीचं ठिवलं."

"जागा कमी असेल," मी म्हणालो. स्वतः छापखानावाला असल्यामुळे मला तेवढंच सुचलं.

तोपर्यंत पेपराकडे फोटो होता, माहिती होती, पण 'होय, वापरली' असं स्वतःच्या नावानिशी म्हणणारा माणूस नव्हता. तो आता मिळाला होता. महिन्याभरात चौकशी लागली आणि वधूपित्याला जबाबासाठी बोलावणं आलं. त्याला झोप लागेना. आपल्या तोंडाने त्या माणसाची खुर्ची जाणार, एवढंच त्याच्या डोक्यात. जबाबाच्या दिवशी मी त्याच्याबरोबर मंचरला गेलो. लोणीहून मुलगीही आली. लिहिलेलं आपण वाचून घेऊ, मगच सही, असं तिने बापाला बजावलं होतं.

चौकशीचे अधिकारी तरुण होते, सभ्य होते. समोर छापील फॉर्म, त्यात रकाने: वाहन, तारीख, कुठून कुठे, कारण. त्यांनी भराभर लिहिलं आणि फॉर्म फिरवला. मुलीने वाचला. "आण्णा, बरोबर आहे. पण ते स्वतः उतरले, ते नाही यात."

"त्याला रकाना नाही," अधिकारी म्हणाले.

"मंग सही न्हाई," वधूपिता म्हणाला.

अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. शेवटी हसले आणि समासात लिहू लागले. "अध्यक्ष स्वतः रस्त्याच्या कडेला थांबले. झालं?"

"किती वेळ ते लिवा. दोन तास. जीप परत येईस्तवर."

"दोन तास."

"बाभळीखाली."

"अहो, झाडाचं नाव कशाला?"

"बाभळीला सावली नसती, साहेब. मार्चचं ऊन व्हतं."

अधिकाऱ्यांनी 'बाभळीखाली' लिहिलं. समास भरला होता, म्हणून शेवटची अक्षरं उभी खाली गेली. मग ते पेन तसंच धरून म्हणाले, "म्हणजे तुमचा अध्यक्षांवर पूर्ण विश्वास आहे, असंही लिहू का खाली? तुम्हाला हवं असेल तर."

वधूपित्याने विचार केला. मुलगीही त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"ते नका लिवू," तो म्हणाला. "जीप तमाशाला बी गेलीच व्हती."

आणि त्याने सही केली.